घरची थाई ग्रीन करी मिळमिळीत का होते?

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. बाटलीतला किंवा घरी वाटलेला हिरवा मसाला, नारळाच्या दुधाचा खोका, वांगी, कोंबडी किंवा टोफू असे सगळे पाककृतीत सांगितल्याप्रमाणे घातले, तरी घरची थाई ग्रीन करी मिळमिळीत होते. तिचा रंग पिस्त्याच्या दुधासारखा असतो, चव नुसतीच गोडसर लागते आणि प्रत्येक घासामागून लसणीचा कच्चा वास येतो. मी स्वतः चार-पाच वर्षे हीच करी करत होतो आणि दर वेळी मसाल्याला दोष देत होतो. एकदा महागडी बाटली आणली, एकदा सगळे जिन्नस जमवून मसाला घरी वाटला, एकदा मिरच्या दुप्पट केल्या. दुप्पट मिरच्यांनी करी तिखट झाली, पण मिळमिळीतच राहिली. तिखट आणि मिळमिळीत या दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात नांदू शकतात, हे मला त्या दिवशी कळले.

दोष मसाल्यात नव्हता. नारळाचे दूध हाताळण्याची जी सवय कोकणी घरात लहानपणापासून हाताला लागते, त्या सवयीत तो होता.

आपल्याकडे माशाच्या आमटीत किंवा भाजीत नारळाचे दूध घालायचे असेल, तर पातळ दूध आधी, दाट दूध सर्वांत शेवटी, आणि ते घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, हा नियम कोणी शिकवावाही लागत नाही. माझी आजी दाट दूध घातल्यावर पातेल्यापासून हलत नसे. मंद आचेवर डाव फिरवत राही आणि कडेला पहिला बुडबुडा दिसताच पातेले उतरवी. ‘दूध फाटेल’ हे तिचे कारण अगदी बरोबर होते, कारण तिच्या आमटीत कोकम किंवा चिंच असे. आंबट पदार्थ आणि जोराची उष्णता एकत्र आली, की नारळाच्या दुधातली प्रथिने गोठून त्यांचे कण होतात, रस चोथापाणी दिसू लागतो, आणि तो पुन्हा एकजीव होत नाही.

थाई करीला मात्र नेमके याच्या उलट हवे असते, आणि येथे ‘फाटणे’ आणि ‘तेल सुटणे’ या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. कांदा-खोबऱ्याचे वाटण परतताना आपण ‘कडेने तेल सुटेपर्यंत’ परततो. ते सुटले नाही, तर वाटण कच्चे राहिले हे आपल्याला न चाखताही समजते. थाई स्वयंपाकी हाच नियम नारळाच्या दाट दुधाला लावतो. तो आधी दुधातले पाणी आटवतो, स्निग्धांश मोकळा करतो, आणि त्या नारळाच्या तेलात मसाला परततो. थाई भाषेत दाट दुधाला ‘हुआ कथि’ म्हणजे नारळाच्या दुधाचे डोके म्हणतात, पातळ दुधाला ‘हांग कथि’ म्हणजे शेपूट, आणि तेल सुटण्याच्या अवस्थेला ‘तॅक मन’, म्हणजे शब्दशः स्निग्धांश फुटणे. आपण ज्याला भिऊन आच कमी करतो, त्या घटनेला तिकडे पाकक्रियेची एक पायरी म्हणून स्वतंत्र नाव आहे.

मी करत होतो ते असे: चमचाभर तेलात मसाला अर्धा मिनिट परतायचा, लगेच सगळे दूध ओतायचे आणि आच मंद ठेवायची. लसूण, छोटे कांदे, गवती चहा आणि धणे-जिरे त्या पांढऱ्या पाण्यात फक्त उकडले जात. त्यांतले बरेचसे सुगंधी घटक तेलात विरघळणारे असतात. पाणी भरपूर आणि तेल बांधलेले असेल, तर ते मोकळे होत नाहीत. शिवाय पाणी आहे तोवर कढईतल्या पदार्थाचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे लसणीचा उग्रपणा जाऊन खमंगपणा येणे शक्यच नसते.

आता दुरुस्ती. जड बुडाची रुंद कढई घ्यावी. खोल पातेल्यात पाणी आटायला दुप्पट वेळ लागतो. तिच्यात साधारण २०० मिलिलिटर दाट दूध घालून मध्यम आचेवर ठेवावे आणि ढवळत राहावे. आधी ते दुधासारखेच उसळते आणि रटरट आवाज येतो. पाच-सहा मिनिटांनी बुडबुडे लहान आणि जड होतात, रस बासुंदीसारखा दाटतो आणि डाव फिरवल्यावर बूड क्षणभर दिसते. याच सुमारास आवाज बदलतो: रटरट थांबून बारीक चरचर सुरू होते. कढईच्या कडेला चकाकणारे, पारदर्शक थेंब दिसू लागतात आणि पांढऱ्या रसावर बारीक जाळी पडल्यासारखी दिसते. घाबरून आच कमी करण्याचा मोह होतो तो याच क्षणी. तो आवरावा आणि मसाला घालावा. ४०० मिलिलिटर एकूण दुधाला ५० ग्रॅम मसाला पुरतो. तो चार-पाच मिनिटे परतल्यावर सुटलेले तेल हिरवट होते आणि घरात कोणाला तरी ठसका लागतो. तो ठसका ही माझी खूण आहे. त्यानंतर कोंबडी घालून दोन मिनिटे परतावी, मग पातळ दूध आणि लागल्यास पाणी घालून एक उकळी आणावी.

या सगळ्यात एकच अडचण येते, आणि तीही बहुतेकांना येतेच: खोक्यातल्या दुधाला तेल सुटतच नाही. दहा मिनिटे आटवले तरी ते गुळगुळीत लापशीसारखे होत जाते. याचे कारण खोक्याच्या मागे छापलेले असते. दूध आणि स्निग्धांश वेगळे होऊ नयेत म्हणून त्यात गवार गम किंवा पॉलिसॉर्बेटसारखे पदार्थ घातलेले असतात, आणि ते आपले काम चोख बजावतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार नारळाच्या दुधात किमान १० टक्के आणि नारळाच्या क्रीममध्ये किमान २० टक्के स्निग्धांश असावा लागतो, तेव्हा खरेदी करताना घटकांत फक्त नारळ आणि पाणी लिहिलेले क्रीम मिळाले, तर तेच घ्यावे. ‘लाइट’ लिहिलेल्या दुधाने ही करी होत नाही. दूध कोणते आहे हे घरी ओळखायचे असेल, तर खोका रात्रभर फ्रिजमध्ये उभा ठेवावा. सकाळी वर घट्ट सायीचा थर आणि खाली पाणी दिसले, तर दूध कामाचे आहे, आणि सगळे एकसारखे राहिले, तर त्याला तेल सुटण्याची वाट पाहू नये. अशा वेळी सरळ दोन मोठे चमचे तेल कढईत घालावे, त्यात दुधाचे चार चमचे घालून आटवावेत आणि त्यावर मसाला परतावा. खाण्याचे खोबरेल असल्यास उत्तमच. मात्र घरात पाहुण्यांना आधी सांगून ठेवावे, कारण केसांच्या तेलाची आठवण न येता खोबरेल खाणारा देशावरचा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.

ताज्या नारळाला तोड नाही. एका नारळाचा चव अर्धी वाटी कोमट पाण्यात वाटून पिळला, की पहिले दूध मिळते. ते तासभर स्थिर ठेवल्यास वर दाट साय येते. तेवढी साय काढून तिला तेल सोडवावे, आणि उरलेले दूध दुसऱ्या दुधात मिसळून नंतर वापरावे.

येथे एक इशारा द्यायला हवा, कारण ही युक्ती हाती लागल्यावर मी ती सगळीकडे चालवू लागलो आणि दोन पदार्थ बिघडवले. आग्नेय आशियातल्या प्रत्येक नारळी पदार्थाला तेल सुटणे अपेक्षित नसते. ‘तोम खा’ या थाई सुपात दूध मऊ आणि एकजीवच राहायला हवे. मुंबईच्या हॉटेलांत आणि लग्नांच्या जेवणावळींत ज्याला खाऊ स्वे म्हणतात, त्या ब्रह्मदेशी ‘ओन नो खाउक स्वे’मध्ये तर रस्सा दाट करण्यासाठी बेसन लावलेले असते, आणि ते नीट शिजले नाही, तर कितीही तळलेला कांदा वर घातला तरी पिठल्याचा वास जात नाही. तेथे रस्सा मंद आचेवर चांगला वीस मिनिटे शिजवावा आणि लिंबू ताटलीत पिळावे, पातेल्यात कधीच नाही. मलेशियातल्या पेनांगचा ‘आसाम लाक्सा’ हा नूडल्सचा पदार्थ (मलय भाषेत ‘आसाम’ म्हणजे आंबट) तर नारळाशिवायच होतो. त्याचा आंबट रस्सा चिंच आणि बांगड्याच्या जातीच्या माशावर उभा असतो.

आता मसाल्याकडे वळू. घरी वाटलेल्या मसाल्यात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मिक्सर फिरावा म्हणून घातलेले पाणी. खलबत्त्यात कुटलेला मसाला जवळजवळ कोरडा असतो, म्हणून तो परतला जातो. मिक्सरमधला पातळ मसाला पुन्हा उकडू लागतो आणि आधीची सारी मेहनत वाया जाते. पाण्याऐवजी त्याच कढईत जाणाऱ्या दाट दुधाचे दोन-तीन चमचे घालावेत, आणि चिवट जिन्नस आधी बारीक चिरून घ्यावेत.

चिवट जिन्नसांत पहिला गवती चहा. आपण चहात त्याची हिरवी पाती टाकतो. मसाल्यात ती पाती घातल्यास दातांत अडकणाऱ्या दोऱ्यांशिवाय काही मिळत नाही. मुळाकडचा पांढरट, जाड दांडाच घ्यायचा, तोही खालचा चार बोटे आणि बाहेरची एक-दोन आवरणे काढून. मंडईत जुडी बऱ्याचदा नुसत्या पात्यांचीच येते, म्हणून कुंडीत एक ठोंब लावणे सोपे पडते. दुसरा जिन्नस म्हणजे थाई लोक ज्याला ‘खा’ म्हणतात तो आल्याच्या कुळातला कंद. ताजा मिळाला नाही, तर काष्ठौषधींच्या दुकानात कुलिंजन या नावाने त्याचे वाळलेले तुकडे मिळतात. ते रात्रभर भिजवून वापरता येतात, जरी त्यांत ताज्या कंदाचा लिंबासारखा तजेला नसतो. त्याच्या जागी आले घातल्यास करी आपल्या आलं-लसूण रश्श्याकडे झुकते, आणि मग थाई काही उरत नाही. कोथिंबिरीची मुळे मात्र आपण रोज फेकून देतो. मुळांसकट जुडी आणावी, मुळे स्वच्छ घासून डबीत गोळा करावीत आणि मसाल्यात पाने न घालता तीच घालावीत.

कोळंबीच्या आंबवलेल्या लगद्याशिवाय, म्हणजे ‘कपि’शिवाय, करीला खोली येत नाही. हा लगदा ज्या चिमुकल्या कोळंबीपासून करतात, ती आपल्या जवळ्याचीच भावंडे. सुका जवळा निवडून, कोरडा खमंग भाजून, मिठाबरोबर कुटून मसाल्यात मिसळला, तर आंबवल्याची चव येत नाही, पण समुद्राचा खारा सूर नक्की लागतो. शाकाहारी मंडळींनी आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा वापरावा. थायलंडमध्येही शाकाहारी मसाल्यात तसेच करतात.

तुळशीबद्दल तर इतका गोंधळ आहे, की त्यावर थोडे थांबावे लागेल. ग्रीन करीत शेवटी जी पाने पडतात, ती ‘होरफा’ची, आणि ती वनस्पती आपल्या सब्ज्याच्या जातीचीच आहे, ज्याचे बी आपण फालुद्यात घालतो. अंगणातली तुळस म्हणजे ‘कफ्राव’. थाई लोक ती मांस, लसूण आणि मिरचीबरोबर तेज आचेवर परततात, आणि तिचा लवंगेसारखा तिखटपणा तेथे शोभतो. ग्रीन करीत तीच तुळस घातली, तर करीला काढ्याची आठवण येते. माझ्या आईने तर वृंदावनातली तुळस कोंबडीत घालायला साफ नकार दिला, आणि पाककृतीच्या दृष्टीनेही तिचेच बरोबर निघाले. सब्ज्याचे रोप कोणत्याही रोपवाटिकेत मिळते. पाने गॅस बंद केल्यावर घालावीत.

फिकट रंगाची चिंता फार करू नये. थाई नावातल्या ‘खिआव वान’मध्ये खिआव म्हणजे हिरवा आणि वान म्हणजे गोड, पण हा गोडपणा साखरेपेक्षा त्या मऊ, दुधाळ हिरव्या रंगाचाच असल्याचे सांगितले जाते. ताज्या हिरव्या मिरच्यांचा रंग शिजल्यावर थोडा मळकट होणारच. हॉटेलात जी झगझगीत हिरवी करी येते, तिच्यात पालक किंवा रंग असण्याचीच शक्यता अधिक.

चव साधताना दोन चुका फार दिसतात. पहिली, वरून लिंबू पिळणे: या करीत खारट, तिखट आणि किंचित गोड एवढेच असते, आंबटाला जागाच नाही. दुसरी, उसाचा गडद गूळ घालणे. त्याने रंगही जातो आणि चवीला उसाचा वास येतो. तिकडे ताडाची किंवा माडाची साखर वापरतात, आणि आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा पदार्थ गोव्याच्या बाजारात मिळतो: माडाचा गूळ. सुपारीएवढा पुरे. विकतच्या मसाल्यात मीठ असतेच, म्हणून ‘नाम प्ला’, म्हणजे माशाचे खारे पाणी, चाखून आणि अर्ध्या अर्ध्या चमच्यानेच घालावे.

आणि करी पातळ झाली, ही तक्रार असेल, तर ती तक्रार नाहीच. थायलंडमधली ग्रीन करी आमटीइतकी सैल असते. इकडच्या अनेक हॉटेलांत ती मक्याच्या पिठाने दाट करतात, कारण पोळीशी लावून खाता येईल अशी ग्रेव्ही गिऱ्हाइकाला हवी असते. त्यामुळे घरी बरोबर जमलेली करी आपल्याला बिघडलेली वाटू शकते. हॉटेलात ती खारट लागण्याचे कारणही बहुधा खाण्याच्या पद्धतीत असते. वाटी तोंडाला लावून सुपासारखी प्यायची ही गोष्ट नव्हे. थाळीत साधा भात घेऊन त्यावर एका वेळी दोन चमचे करी घ्यायची, आणि मीठ त्या भाताच्या हिशेबाने घातलेले असते.

बाहेर खाणाऱ्या शाकाहारी माणसाने भाज्या कोणत्या हे विचारण्याआधी मसाला कोणता हे विचारावे, कारण ‘व्हेज ग्रीन करी’ म्हणून येणाऱ्या पदार्थात तयार मसाल्याबरोबर कोळंबी आलेली असू शकते. एका ओळखीच्या हॉटेलात तीन वर्षे निःशंक मनाने खाल्ल्यावर मसाल्याचा डबा पाहण्याची वेळ माझ्या एका मित्रावर आली; त्यानंतर तो तेथे फक्त आइस्क्रीम खातो. थायलंडमध्ये फिरताना पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेला ‘जे’ हा शब्द शोधावा. तेथे मांस-मासे तर नसतातच, पण लसूण आणि कांदाही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते.

राहिल्या नूडल्स, थाई जेवणातला घरी बिघडणारा दुसरा पदार्थ. तांदळाच्या नूडल्सचा गोळा होण्याचे कारण जवळजवळ नेहमीच एक असते: त्या गव्हाच्या नूडल्ससारख्या उकळल्या जातात. तांदळात ग्लूटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी नसते. उकळत्या पाण्यात बाहेरचा स्टार्च विरघळून चिकट होतो आणि आतला भाग शिजेपर्यंत बाहेरचा लगदा झालेला असतो. पॅड थाई या परतलेल्या पदार्थाच्या चपट्या नूडल्स साध्या पाण्यात चाळीस मिनिटे ते तासभर भिजवाव्यात. एक नूडल बोटाभोवती गुंडाळून पाहावी: न तुटता गुंडाळली गेली, पण दाताखाली अजून कच्ची लागली, की उपसावी. उरलेले शिजणे कढईत, चिंचेचा कोळ, गूळ आणि नाम प्लाच्या रसात होते. कढईत चिकटू लागल्यास तेल ओतू नये. दोन चमचे पाणी शिंपडावे. आणि एका वेळी दोनच माणसांचे करावे. घरच्या शेगडीवर चौघांच्या नूडल्स एकदम टाकल्या, की कढई थंड पडते, नूडल्स वाफेवर शिजतात आणि गोळा ठरलेला. थायलंडमधला रस्त्यावरचा विक्रेताही मोठ्या भट्टीवर एक-दोन प्लेटीच करतो.

ग्रीन करी भाताइतकीच ‘खनोम चिन’ या तांदळाच्या मऊ शेवयांवरही खातात. त्या कशा करतात ते वाचताना मला कोकणातले शिरवाळे आठवले: तांदळाच्या पिठाचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे. थाई पद्धतीत तांदूळ आंबवलेला असू शकतो आणि शेवया दाबून थेट उकळत्या पाण्यात पडतात, पण अर्धवट शिजवलेले पीठ साच्यातून काढणे, ही कल्पना दोन्हीकडे तीच. आपण शिरवाळ्यांवर गुळाचा गोड रस घालतो. मी मागच्या पावसाळ्यात गोड रस मुलांसाठी ठेवून मोठ्यांच्या ताटल्यांत उरलेली ग्रीन करी वाढली. शिरवाळे त्याच सकाळी काढलेले असावेत; फ्रिजमध्ये ठेवल्यास तांदळाचा स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि ते तारेसारखे कडक होतात. तसे झालेच, तर चाळणीत घेऊन वरून उकळते पाणी ओतावे, म्हणजे ते सुटे होतात, आणि करी वेगळी गरम करावी. तेल आता तिला सुटलेलेच असते, त्यामुळे आच कितीही ठेवली तरी भिण्याचे कारण नाही.